टिंबांच्या पलीकडे

मराठी कथेत दोन माणसं जवळ आली की पुढच्या ओळीत बहुतेक वेळा दिवा मालवतो. मग तीन टिंबं येतात. परिच्छेद बदलतो, सकाळ होते, गॅसवर चहा उकळत असतो आणि नायिकेच्या कपाळावरचं कुंकू जरासं फिसकटलेलं असतं. मधल्या वेळात तिला बरं वाटलं का, तिने काही मागितलं का, मागितलेलं मिळालं का, हे वाचणारीने आपापलं समजून घ्यायचं. दुसरीकडे एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर पिवळी पुस्तकं मिळायची. त्यात टिंबं नव्हती, सगळं भर उजेडात चालायचं. पण त्या उजेडात बाईच नव्हती, तिचे अवयव तेवढे होते. ती सतत विव्हळत असायची आणि कशाने, ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसायचं.

या दोन्हींच्या मधली जागा मला हवी होती, म्हणून मी शृंगारकथा लिहायला लागले. टोपणनावाने लिहिते. कथा मोबाईलवर वाचल्या जातात आणि वाचणाऱ्या बहुतेक बायका आहेत. त्या लिहून कळवतात, कधी भांडतात. बायकांना काय आवडतं याबद्दल बाहेर जे बोललं जातं, ते आणि या बायकांचं म्हणणं यात फार अंतर आहे. बाहेर म्हणतात, बायकांना हळुवार लागतं. प्रेमपत्रं, पाऊस, मोगरा एवढ्यावर त्या खूश असतात, पुढचं सगळं पुरुषांसाठी. मला आलेले निरोप वाचले तर उलटंच दिसेल. सगळ्यात जास्त तक्रार असते ती मी लवकर थांबल्याची. ‘दार लावलंत आणि आम्हाला बाहेर ठेवलंत,’ असं एकीने स्पष्ट लिहिलं होतं. बायकांना शरीर हवं असतं. फक्त त्या शरीरात राहणारी बाईही तिथे हजर असावी लागते.

१९४० च्या दशकात अमेरिकेत अनाईस निन ही लेखिका एका अनामिक संग्राहकासाठी पानाला एक डॉलर या दराने कामुक कथा लिहून देत होती. मध्यस्थामार्फत त्याचा निरोप यायचा की काव्य गाळा, थेट संभोगावर या. पैशांची गरज होती, ती लिहीत राहिली, पण त्या सूचनेने तिचा आणि तिच्याबरोबर हेच काम करणाऱ्या मित्रांचा पार वैताग झाला होता. त्या कथांचं पुस्तक आलं ते थेट १९७७ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर. आज वाचताना कळतं की त्याने ‘काव्य’ म्हणून जे गाळायला सांगितलं, तेच तर लिहायचं असतं. खोलीतला वास, आधीचं बोलणं, कुणी आधी नजर वळवली, अंगावरच्या कापडाचा पोत, मनात अचानक आलेली जुनी आठवण. हे काढलं तर हालचाली उरतात, आणि हालचाली फार थोड्या असतात. चार पानांत संपतात.

पण याचे धडे घ्यायला मला अमेरिकेपर्यंत जायची गरज नव्हती. ते पैठणलाच होते. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली गाथासप्तशती आपल्याच भाषेच्या पूर्वजेत, महाराष्ट्री प्राकृतात आहे. सातशे गाथा, प्रत्येक दोन ओळींची. त्यातल्या कितीतरी गाथांत बोलणारी बाई आहे: शेतावरची, घरातली, नवरा परगावी गेलेली, नवऱ्याला कंटाळलेली. टीकाकारांनी दिलेल्या कवींच्या नावांत काही बायकाही आहेत. स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये मराठीत तिची मोठी आवृत्ती काढली. शृंगार लिहू पाहणाऱ्या प्रत्येकीने ती उशाशी ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

त्यातली पाणपोईची गाथा मी अनेकदा वाचते. वाटसरू ओंजळ धरून पाणी पितो आहे. नजर वर आहे आणि बोटं त्याने मुद्दाम विरळ ठेवली आहेत, म्हणजे पाणी गळत राहावं आणि पिणं लांबावं. वरून पाणी घालणारी ती, मुळात बारीक असलेली धार आणखी बारीक करत जाते. एवढंच.

कुणी कुणाला हात लावलेला नाही. एक शब्द नाही. तरी ही गाथा वाचताना माझ्या कानांच्या पाळ्या गरम होतात. त्याने बोटं विरळ केली हे तिला दिसलं आहे. तिने धार बारीक केली हे त्याला कळलं आहे. दोघांनाही कळलं आहे की दुसऱ्याला कळलं आहे. आणि धार तिच्या हातात आहे. पाणी किती, किती वेळ, कुठे थांबायचं, हे ती ठरवते आहे. पुरुषाने लिहिलेल्या शृंगारात बाई बहुतेक वेळा हवीशी असते. तिला काय हवं हा प्रश्न पडत नाही. या दोन ओळींत तिला हवं आहे, आणि ते मिळवायची तिची तिने काढलेली युक्ती आहे. मी कुठलीही कथा लिहायला घेतली की आधी धार कुणाच्या हातात आहे ते बघते.

दुसरी गाथा तर आपल्या प्रत्येक दोन खोल्यांच्या घराची आहे. ती पाहुण्या वाटसरूला सांगते: इथे सासूबाई झोपतात, इथे मी. दिवसाउजेडी नीट बघून ठेव, रातांधळ्या, नाहीतर रात्री चुकून माझ्या अंथरुणावर येऊन पडशील! नवव्या शतकात काश्मिरातल्या आनंदवर्धन या काव्यशास्त्रकाराने ध्वनीचं, म्हणजे शब्दांत न सांगता सुचवलेल्या अर्थाचं, उदाहरण म्हणून ही गाथा घेतली. नकाराच्या शब्दांत दिलेलं आमंत्रण. मला त्यात भावते ती सासू. शृंगारात सासू असतेच. आमच्याकडे खोकला असतो, पातळ भिंत असते, मधल्या खोलीत दहावीची मुलगी अभ्यास करत असते, बाथरूमच्या दाराची कडी नीट लागत नसते. कॉलेजात असताना आम्ही इंग्रजी रोमान्स वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचायचो. त्यात नायकाचा वाडा असायचा, नोकरचाकर असायचे, कुणी मध्ये यायचंच नाही. मराठी वाचणारीला आपल्या इच्छेत आपलं घर दिसावं लागतं. एकांत कसा मिळवला हे न सांगता पलंगापर्यंत पोचलेली कथा ती मानत नाही. तिला पहिला प्रश्न पडतो, मुलं कुठे आहेत?

माझी एक कथा मिरजेची आहे. सांगलीत गाणं शिकवणाऱ्या एका विधवा बाईंचा तंबोरा बिघडतो. त्या तो घेऊन सतारमेकर गल्लीत जातात. पंढरपूरकडच्या भोपळ्याचा जुना तंबोरा, जवारी, म्हणजे तारेची ती भरलेली गुंज, गेलेली. जवारी काढणं हे काय काम आहे ते बघितल्याशिवाय कळायचं नाही. कारागीर घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीने अगदी हलक्या हाताने घासतो, तार चढवतो, छेडतो, पुन्हा उतरवतो, पुन्हा घासतो. मग तारेखाली सुताचा धागा सरकवतो. धागा केसभर पुढे गेला तर स्वर मुका, केसभर मागे आला तर नुसता खरखरतो. मधे कुठेतरी एक जागा असते. तिथे तो पोचला की तार उघडते, एका स्वरातून सगळे स्वर बाहेर पडतात आणि खोली भरून जाते.

बाई त्याच्या हातांकडे बघत असतात. नखांत राळ, उजव्या अंगठ्याला घट्टा, मनगटावर लाकडाचा भुसा. हे मी दीड पान लिहिलं. मग तो विचारतो:

‘इथे?’

‘अजून जरा वर.’

‘आता?’

‘थांबा. तिथेच.’

पुढे, काही भेटींनंतर, दार लागल्यावरची सगळी कथा याच चार वाक्यांवर चालते. तो विचारतो, त्या सांगतात, तो ऐकतो. बावन्न वर्षांच्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी विचारलं आहे, आणि सांगितलेलं ऐकून हात हलवला आहे. त्या कथेत मी काहीच झाकलं नाही. त्यांचं पोट, सीझरचा जुना व्रण, तिथे ओठ टेकल्यावर त्यांनी आखडून घेतलेले पाय आणि मग सैल सोडलेले पाय, सगळं आहे. त्या सुखावतात तेव्हा किती वेळ लागला, कशाने लागला, हेही आहे.

त्या कथेवर बायकांनी सगळ्यात जास्त लिहिलं ते मला अनपेक्षित असलेल्या जागेबद्दल. शेवटच्या भेटीत बाई त्याला ‘अरे’ म्हणतात. तो मात्र ‘तुम्ही’वरच राहतो. अंगावर एकही कापड नसताना तो त्यांना ‘बाई, दुखत नाही ना?’ असं विचारतो. एकीने लिहिलं, ‘त्या “बाई”ने मी गेले.’ मराठीत जन्मभर नवऱ्याला अहो-जाहो केलेल्या बायकांना हे लगेच कळतं. आदर आणि हक्क यांची वाटणी आपल्याकडे क्रियापदाच्या शेवटी बसलेली असते. ती पलंगावर पालटली की अंगावर काटा येतो. हे हत्यार आपल्या भाषेने फुकट दिलेलं आहे आणि ते न वापरता इंग्रजी सीनचं मराठीकरण करत बसणं मला पटत नाही.

अवयवांच्या नावांचा प्रश्न सगळे विचारतात. एका बाजूला डॉक्टरांच्या फाईलमधले शब्द, दुसऱ्या बाजूला शिव्या. मी नावांवर फार अडून बसत नाही. हात कुठून कुठे गेला हे नीट लिहिलं की वाचणारी बरोबर पोचते. बायका आपसांत बोलतात तेव्हाही ‘तिथे’ म्हणूनच बोलतात आणि कुणाचाही घोटाळा होत नाही.

घोटाळा होतो तो लिहिणाऱ्याला शरीर माहीत नसल्याने. क्लिटोरिसची, म्हणजे बाईच्या सुखाच्या मुख्य अवयवाची, पूर्ण रचना, आतवर पसरलेल्या तिच्या भागांसकट, हेलन ओ’कॉनेल या ऑस्ट्रेलियन सर्जनने नीट मांडली ती १९९८ मध्ये. मग त्याआधीच्या पुरुषी कथांमध्ये नायिका नुसत्या प्रवेशाने, तेही दोन मिनिटांत, स्वर्गात जायच्या यात नवल काय! बायका ते वाचून स्वतःतच काही कमी आहे असं समजत राहिल्या. दुसरी गोष्ट, कॅनडातल्या डॉ. रोझमेरी बॅसन यांनी २००० साली मांडलेली: जुन्या नात्यातल्या कितीतरी बायकांच्या बाबतीत इच्छा आधी येत नाही. जवळीक, स्पर्श, त्याने जागं होणारं अंग, आणि मग मागाहून इच्छा, असा क्रम असतो. मला हे वाचून कथेची बांधणीच बदलावीशी वाटली. माझी नायिका आता पहिल्या पानावर पेटलेली नसते. ती दमलेली असते, उद्याच्या डब्याचा विचार करत असते, ‘आज राहू दे’ म्हणायच्या बेतात असते. कुणीतरी तिचे पाय दाबायला घेतं आणि पुढची घाई करत नाही. तिचं मन डब्यावरून उठून पावलांपाशी येतं, तिथून वर सरकतं. ही सरकण्याची वाट लिहायला वेळ लागतो, आणि वाचणाऱ्या बायका त्या वाटेसाठीच येतात.

चाळिशी-पन्नाशीनंतरचा कोरडेपणा मी लिहिते. जेलची ट्यूब उशीखालून काढणं लिहिते. कंडोम लिहिते, आणि खोबरेल तेलाने लॅटेक्सचा कंडोम फाटू शकतो हे नायिकेच्या तोंडी घालते, कारण तेलाची बाटली हाताशी असलेली घरं मला माहीत आहेत. यावर एका वाचकाने (पुरुष होते) ‘रसभंग’ म्हणून नाराजी कळवली. बायकांपैकी एकीलाही तसं वाटलं नाही. उद्या पाळी चुकेल ही धास्ती डोक्यात असताना रस कुठून येणार? र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून हेच सांगत होते की स्त्रीला सुखाचा हक्क आहे आणि नको असलेल्या गर्भाची भीती गेल्याशिवाय ते सुख मोकळं होत नाही. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोर्टात त्यांची बाजू मांडली. त्या माणसाने सोसलेल्या उपहासावर आमच्यासारख्यांच्या कथा उभ्या आहेत, हे मला रोज आठवतं.

नकाराबद्दल मी कडक आहे. ‘नको’ म्हणजे ‘हो’ हा जुना खेळ माझ्या कथेत चालत नाही. आपल्या कायद्यात नवऱ्याने बायकोवर केलेली बळजबरी अजूनही बलात्कार मानली जात नाही. २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो अपवाद तसाच आहे. कथेला त्या अपवादाची सक्ती नाही. आता, काही वाचक बायका मला लिहितात की त्यांना मनात जबरदस्तीची दृश्यं आवडतात आणि त्याची लाजही वाटते. त्यांना मी मनापासून सांगते की लाजू नका. मनातल्या दृश्याची दिग्दर्शक तुम्हीच असता, तिथे तुमच्या परवानगीशिवाय पान हलत नाही. कथेत तसं काही आणायचं तर मी ती परवानगी कागदावर आणते. नायिका स्वतः खेळ सुचवते, स्वतः थांबण्याची खूण ठरवते, आणि एकदा ती खूण वापरतेही. नायक तिथल्या तिथे थांबतो आणि पाणी आणून देतो. त्या पाण्याच्या भांड्याबद्दल जितकं प्रेमाने लिहून येतं, तितकं त्याआधीच्या दोन पानांबद्दल येत नाही.

बायकांना हे सगळं हवं असतं याचा पुरावा मी एकदा नाट्यगृहात बघितला. खास महिलांसाठी लावणीचे प्रयोग होतात, तसा तो होता. लावणीचं मला नेहमी कोडं वाटत आलंय: लिहिणारे राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, सगळे पुरुष, बोलणारी बाई, नाचणारी बाई, आणि समोर बसलेले पुन्हा पुरुष. त्या दिवशी समोर फक्त बायका होत्या. भिशीचे ग्रुप, नणंदा-भावजया, एक सत्तरीच्या आजी नातीला घेऊन आलेल्या. ढोलकीच्या लावणीला शिट्ट्या पडल्या, पदर खोचून खुर्च्यांमध्ये नाच झाला. मग बैठकीची लावणी लागली. कलावंतीण मांडी घालून बसली आणि नुसत्या भुवईने आणि मनगटाने अर्धा तास एकच ओळ फिरवत राहिली. राग, आर्जव, टोमणा, मग शरीराची सरळ मागणी. माझ्या शेजारची बाई पुटपुटली, ‘असं बोलता आलं पाहिजे गं घरी.’ पुरुष नसताना तिला ती ओळ स्वतःची वाटली. मोबाईलवर, पांघरुणात, सगळे झोपल्यावर वाचणाऱ्या बायकांनाही अशीच जागा हवी असते, जिथे आपल्याकडे कुणी बघत नाही.

अठराव्या शतकात तंजावरला प्रतापसिंह भोसल्यांच्या मराठी दरबारात मुद्दुपळणी नावाची गणिका-कवयित्री होती. तिने तेलुगूत राधेवर शृंगारकाव्य लिहिलं. त्यात रुसणारी राधा, मनधरणी करणारा कृष्ण आणि शृंगारात पुढाकार राधेचा आहे. काव्याच्या आरंभी तिने आपली आजी, आपलं नाव, आपली विद्वत्ता अभिमानाने सांगितली. एकोणिसाव्या शतकात ते छापलं गेलं तेव्हा तो भाग गाळला गेला. १९१० मध्ये गायिका बंगळुरू नागरत्नम्मांनी मूळ पोथी मिळवून पूर्ण काव्य छापलं, तर ते अश्लील ठरवून इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. बंदी उठायला १९४७ उजाडलं. आमच्या भोसल्यांच्या दरबारात एक बाई स्वतःच्या नावाने हे लिहीत होती आणि मी आज टोपणनाव घेते, याचं मला वाईट वाटतं. नोकरी आहे, मुलगा शाळेत आहे, इंटरनेटवरच्या अश्लील मजकुरासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ वं कलम आहे. कारणं खरी आहेत. तरी दिवाळी अंकांनी बायकांच्या शृंगारकथा खऱ्या नावांनी मागवाव्यात, मानधन द्यावं, चांगला संपादक बसवावा, असं मला फार वाटतं. मागितल्या तर लिहिणाऱ्या निघतील. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या कथेसाठी खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये ते निर्दोष सुटले. पुरुषाच्या कथेसाठी तेवढं लढलं गेलं असेल, तर बाईच्या कथेसाठी एक अंक निघायला काय हरकत आहे?

सध्या एका वाचक बाईंच्या फर्माइशीवर काम चालू आहे. साठी ओलांडलेल्या आहेत. त्यांनी लिहिलं की तुमच्या नायिका बावन्नला येऊन थांबतात, पुढच्यांनी काय करायचं? मी त्यांनाच विचारलं, कसं हवं? त्यांनी सविस्तर उत्तर पाठवलं. वेळ दुपारची, दोन ते चार, सून ऑफिसात आणि नात शाळेत असताना. नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, तेव्हा सगळं कुशीवरून. घाई अजिबात नको. पंखा एकवर, कारण पाचवर त्याचा आवाज होतो आणि त्यांना त्याचा श्वास ऐकायला आवडतो. आणि शेवटी एक अट: त्याचा चष्मा काढायचा नाही, त्याला नीट दिसलं पाहिजे.